इलोकोसच्या किनाऱ्यावर

फिलिपाईन्स हा देश आमच्या वाचकांना अगदीच अपरिचित आहे, असे म्हणता येणार नाही. तेथील वादळांच्या आणि ज्वालामुखींच्या वार्ता वर्तमानपत्रांतून वाचनात येतात. आपल्याकडील काही मुले वैद्यकीय शिक्षणासाठी तिकडे जाऊन राहिली आहेत. आणि गोव्यातील ज्या घरांत कोणी ना कोणी बोटीवर नोकरीला आहे, त्या घरांत तर ‘फिलिपिनो’ हा शब्द रोजच्या बोलण्यातला झाला आहे. आपल्या बोटीवाल्याच्या शेजारच्या बिछान्यावर बहुधा फिलिपिनो खलाशीच असतो. तथापि सात हजारांहून अधिक बेटांच्या त्या देशातील एखादा प्रांत सावकाश हिंडून पाहण्याचा योग आपल्यापैकी थोड्यांनाच येतो. तो योग आम्हांला नाताळच्या सुटीत आला.

आमचा मुलगा एका मालवाहू बोटीवर अधिकारी आहे. त्याच्या बोटीवरील एक वडीलधारे सहकारी इलोकोस नोर्ते या प्रांतातले. मुलगा त्यांना तेथील रीतीप्रमाणे ‘मानोंग’, म्हणजे थोरला भाऊ, असे म्हणतो. ‘आईवडिलांना एकदा आमच्या गावी घेऊन ये’ असा या मानोंगांचा आग्रह दोन-तीन वर्षे चालला होता. या खेपेस दोघांनाही एकाच वेळी रजा मिळाली. सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाला परदेशी जायचे म्हणजे आधी खात्याची परवानगी काढावी लागते. ती वेळेवर हाती आली, आणि सौभाग्यवतींसह आम्ही मनिलाला जाऊन पोहोचलो.

मनिलापासून लाओआग, म्हणजे या प्रांताचे मुख्य नगर, सुमारे पाचशे किलोमीटर उत्तरेस आहे. रात्रीच्या बसने निघाले की सकाळी तेथे पोहोचता येते. पहाटे जाग आली तेव्हा डाव्या हाताला समुद्र आणि उजव्या हाताला डोंगरांची काळसर रांग दिसत होती, आणि क्षणभर आपण कोकणातून चाललो आहोत असेच वाटले. लुझॉन बेटाच्या वायव्य कोपऱ्यातील ही चिंचोळी पट्टी आहे. पूर्वेस कॉर्डिलेरा पर्वत आणि पश्चिमेस दक्षिण चीन समुद्र. पूर्वी हा सारा मुलूख इलोकोस या एकाच नावाने ओळखला जाई. १८१८ साली त्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन प्रांत झाले. ‘नोर्ते’ म्हणजे उत्तर. पाऊस येथे वर्षातून सहा महिने. उरलेले सहा महिने कोरडे. भाताची कापणी झाली की त्याच वाफ्यांत लसूण, कांदा, मका आणि तंबाखू लावतात. जमीन थोडी आणि माणसे पुष्कळ, त्यामुळे इलोकानो माणूस कष्टाळू आणि हात राखून खर्च करणारा. बाकीचे फिलिपिनो त्याच्या चिकटपणावरून थट्टा करतात. आपल्याकडे अशी थट्टा कोणाची होते, ते येथे लिहिण्याचे कारण नाही.

लाओआग या नावाचे मूळ इलोकानो भाषेतील उजेड या अर्थाच्या शब्दात आहे, असे मानोंगांनी सांगितले. नगराच्या मध्यभागी सेंट विल्यमचे कॅथीड्रल आहे आणि त्याच्यापासून बऱ्याच अंतरावर, रस्त्यापलीकडे, त्याचा घंटेचा मनोरा एकटाच उभा आहे. भूकंपाच्या देशात मनोरा चर्चला चिकटून बांधला तर तो कोसळताना चर्चलाही घेऊन जातो, म्हणून ही फारकत. हा विटांचा प्रचंड मनोरा स्वतःच्याच भाराने वाळूच्या जमिनीत हळूहळू रुतत चालला आहे. एके काळी घोडेस्वार त्याच्या दारातून आत जाई, असे लोक सांगतात. आज मध्यम उंचीच्या माणसालाही तेथे वाकावे लागेल. सौभाग्यवती त्या दाराशी उभ्या राहिल्या, तेव्हा दाराची कमान त्यांच्या डोक्याच्या थोडी वर होती.

जवळच्याच बागेत एक दगडी स्तंभ आहे. दिसायला तो साधा आहे. त्याच्यामागचा इतिहास मात्र साधा नाही. १७८२ साली स्पॅनिश सरकारने तंबाखूचा मक्ता स्वतःकडे घेतला. कोणी किती रोपे लावायची हे सरकार ठरवी. पीक सरकारलाच आणि सरकारच्याच दराने घालावे लागे. माल कमी भरला तर दंड होई. चार पाने घरी लपवून ठेवल्याचा संशय आला तर घराची झडती होई. पुढे पुढे तर रोख पैशाऐवजी नुसत्या वचनचिठ्ठ्या हातावर ठेवीत. शंभर वर्षांनी हा मक्ता उठला, आणि तो उठवणाऱ्या बाराव्या आल्फोन्सो राजाच्या सन्मानार्थ १८८२ साली हा स्तंभ उभारण्यात आला. १८७८ च्या अँग्लो-पोर्तुगीज कराराने गोव्यातील मिठावर इंग्रजांचा ताबा आला आणि आपली मिठागरे कशी ओस पडली, हे आम्ही वर्गात अनेक वर्षे शिकवत आलो आहोत. त्यामुळे तो स्तंभ वाचायला आम्हांला दुभाष्याची फारशी गरज पडली नाही. आमच्या मुलाने विचारले, “पण बाबा, शंभर वर्षे ज्यांनी सोसले त्यांचे नाव यावर कुठे आहे?” मानोंग हसून म्हणाले, “त्यांची नावे पाहायची तर उद्या पाओआयला चला.”

पाओआय लाओआगच्या दक्षिणेस आहे. तेथील सेंट ऑगस्टीनचे चर्च १९९३ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्याचे छायाचित्र आम्ही पूर्वी पाहिले होते. परंतु छायाचित्रावरून त्या वास्तूच्या बैठकीची कल्पना येत नाही. आपल्याकडील चर्चे उंच चढतात. हे चर्च जमिनीला धरून बसले आहे. दोन्ही बाजूंच्या आणि मागच्या भिंतींना मिळून २४ आधारभिंती आहेत. प्रत्येक सुमारे पावणेदोन मीटर जाडीची, खाली रुंद आणि वर निमुळती, कडेने मोठ्या वेलबुट्टीसारखी वळत गेलेली. एखादा पहिलवान पाय फाकवून, मुठी जमिनीला टेकून बसावा, तशी ती इमारत दिसते. काही आधारभिंतींना तर पायऱ्याच आहेत. त्यांवरून छपरापर्यंत चढून डागडुजी करता येते. बांधकाम १६९४ साली सुरू झाले आणि १७१० साली पुरे झाले. भिंतींचा खालचा भाग समुद्रातून काढलेल्या पोवळ्याच्या दगडाचा आणि वरचा विटांचा. चुन्यात उसाचा रस मिसळून, आंब्याची पाने, चामडे आणि भाताचा पेंढा घालून तो उकळीत, असे तेथे सांगितले जाते. आपल्या जुन्या वाड्यांच्या चुन्यात गूळ घालीत, हे आमच्या वाचकांतील वडीलधाऱ्यांना ठाऊक असेलच.

हे दगड कोणी वाहिले? स्पॅनिश अमलात सोळा ते साठ वयाच्या प्रत्येक धडधाकट पुरुषाला दरसाल ४० दिवस सरकारची वेठ करावी लागे. रस्ते, पूल, जहाजे आणि चर्चे या वेठीतून उभी राहत. पाओआयच्या भिंतींवर त्या माणसांची नावे कोरलेली नाहीत. पण मानोंगांच्या मातोश्री बरोबर होत्या. वय ऐंशीच्या पुढे. त्यांना सगळे आदराने ‘आपो’ म्हणत होते. त्या एका आधारभिंतीवर तळहात ठेवून आम्हांला म्हणाल्या, “हे आमच्या लोकांनी पाठीवरून आणले. म्हणून हे आमचे.” आम्ही विचारले, “वेठीने बांधून घेतलेल्या इमारतीविषयी लोकांच्या मनात राग नव्हता का?” आपो थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, “राग धरला असता तर पडू दिली असती. वादळ होऊन गेले की आधी आपल्या घराचे छप्पर पाहायचे आणि मग इथले, अशी माझ्या वडिलांची रीत होती. माझीही तीच.”

चर्चपासून काही पावलांवर पोवळ्याच्या दगडाचा तीन मजली घंटेचा मनोरा आहे. त्याचे काम १७९३ साली सुरू झाले. १८९८ साली स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठलेल्या क्रांतिकारकांनी आणि पुढे दुसऱ्या महायुद्धात जपान्यांशी लढणाऱ्या गनिमी तुकड्यांनी याच मनोऱ्यावरून टेहळणी केली. ज्या राज्यकर्त्यांनी तो बांधून घेतला त्यांच्यावर नजर ठेवण्यासाठीच तो शेवटी उपयोगी पडला.

पाओआयचे चर्च ऑगस्टिनियन संघाचे. याच संघाचे एक चर्च आपल्या जुन्या गोव्यात मोंते सांतोच्या टेकडीवर होते, हे गोव्यातील वाचक जाणतातच. १६०२ साली पुरे झालेली ती वास्तू पाओआयच्या कितीतरी पट भव्य होती. आज तिचा जांभ्या दगडाचा एक मनोरा तेवढा, सुमारे ४६ मीटर उंच, आकाशात बोट करून उभा आहे. साथींनी शहर आधीच ओस पडले होते. १८३५ साली धर्मसंघ बंद झाले. १८४२ साली चर्चची कमान खाली आली. घंटा पणजीच्या चर्चमध्ये गेली. तेथे कोणताही मोठा भूकंप झाला नाही. उलट पाओआयने तीनशे वर्षांत किती धक्के खाल्ले याची गणती नाही; १९८३ साली याच प्रांतात आणि २०२२ साली शेजारच्या आब्रा प्रांतात मोठे भूकंप झाले, आणि २०२२ च्या भूकंपात दक्षिणेकडील बांताय गावच्या जुन्या मनोऱ्याची बरीच पडझड झाली. तरीही पाओआय उभे आहे. आधारभिंतींची करामत तर खरीच. पण आपोंचे बोलणे ऐकल्यावर आम्हांला वाटू लागले की दगडाच्या आधारभिंतींइतकाच दुसऱ्याही कसला तरी आधार या इमारतीला मिळत आला असावा.

पाओआयहून आणखी दक्षिणेस बादोक हे गाव आहे. फिलिपाईन्सचे थोर चित्रकार हुआन लुना यांचा जन्म १८५७ साली येथे झाला. त्यांचे घर आता स्मारक म्हणून जपले आहे. लुना यांनी आधी नौकानयनाचे शिक्षण घेऊन जहाजावर नोकरी केली, हे ऐकून आमच्या मुलाची कळी खुलली. पुढे ते युरोपात गेले आणि १८८४ साली माद्रिदच्या प्रदर्शनात त्यांच्या ‘स्पोलियारियम’ या भव्य चित्राला सुवर्णपदक मिळाले. रोमच्या आखाड्यात मारले गेलेले योद्धे फरफटत तळघरात नेले जात आहेत, असा त्याचा विषय. मूळ चित्र मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. चार मीटरहून उंच आणि साडेसात मीटरहून रुंद. विषय रोमचा असला तरी त्यात फिलिपिनो माणसाने आपलीच दशा पाहिली. त्या विजयाप्रीत्यर्थ माद्रिदमध्ये जी मेजवानी झाली, तीत होसे रिझाल यांनी केलेले भाषण त्या देशाच्या स्वातंत्र्येतिहासात प्रसिद्ध आहे.

लाओआगच्या पूर्वेस पिदिग हे लहानसे गाव आहे. येथले बंड तर एका पेयावरून झाले. उसाच्या रसापासून इलोकानो लोक ‘बासी’ नावाचे मद्य घरोघरी करीत. लग्न, बारसे, मर्तिक, कशालाच ते वर्ज्य नव्हते. १७८६ साली सरकारने त्याचाही मक्ता घेतला. घरी करणे बंद, सरकारी दुकानातून विकत घ्यावे. १८०७ च्या सप्टेंबरात पिदिगचे लोक उठले, गावामागून गावे त्यांना मिळाली आणि जमाव दक्षिणेस विगनवर चालून गेला. विगनजवळच्या लढाईत त्यांचा मोड झाला. पुढाऱ्यांना देहदंड झाला. एस्तेबान व्हियानुएव्हा यांनी १८२१ साली या बंडाची १४ चित्रे काढली. ती विगन येथे जपून ठेवलेली आहेत. त्या चित्रांत आकाशात धूमकेतू दिसतो, आणि १८०७ साली खरोखरच मोठा धूमकेतू दिसला होता. व्यसनमुक्तीवर दरसाल व्याख्यान देणाऱ्या मुख्याध्यापकाने मद्याच्या बंडाचे कौतुक करावे, याची सौभाग्यवतींना गंमत वाटली. पण भांडण मद्याचे नव्हतेच. आपल्या परसातल्या उसावर आपला हक्क आहे की नाही, याचे ते भांडण होते.

पाओआय आणि लाओआग यांच्यामध्ये बाताक हे गाव लागते. तेथले दोन पुरुष दोन प्रकारे प्रसिद्ध आहेत. ग्रेगोरिओ आग्लिपाय (१८६०–१९४०) हे कॅथलिक धर्मगुरू. स्पॅनिश पाद्र्यांच्या हाताखाली देशी पाद्र्यांची होणारी अवहेलना सोसवेना, तेव्हा १९०२ साली स्थापन झालेल्या स्वतंत्र फिलिपिनो चर्चचे ते पहिले प्रमुख झाले. दुसरे फर्डिनंड मार्कोस. ते १९६५ ते १९८६ देशाचे अध्यक्ष होते. १९७२ साली त्यांनी लष्करी कायदा पुकारला. १९८६ च्या लोकउठावात त्यांना देश सोडून हवाईला जावे लागले आणि १९८९ साली ते तेथेच वारले. १९९३ साली त्यांचा देह बाताकला आणण्यात आला आणि २०१६ साली मनिलात दफन होईपर्यंत तो काचेच्या पेटीत येथे ठेवलेला होता. त्यांचे चिरंजीव २०२२ साली अध्यक्षपदी निवडून आले. या प्रांतात मार्कोसांविषयी आपुलकीने बोलणारी माणसे पुष्कळ भेटली. आमच्या भागाला रस्ते त्यांनी दिले, असे ती म्हणतात. त्याच काळात देशभर हजारो माणसे तुरुंगात पडली आणि कित्येक परत आली नाहीत, हेही तितकेच खरे आहे. आम्ही पाहुणे होतो; दोन्ही गोष्टी ऐकल्या आणि टिपून ठेवल्या.

येथवर आम्ही गावांतून हिंडलो. पुढचे दोन दिवस किनाऱ्याचे. लाओआगहून उत्तरेस निघाले की पासुकिन येते. रस्त्याच्या कडेला मोठ्या कढयांत खारे पाणी आटवून मीठ करतात आणि तेथेच झोपड्यांत विकायला ठेवतात. आपल्याकडे मिठागरात ऊन हे काम करते. येथे विस्तव करतो. चव घेऊन सौभाग्यवतींनी ‘आपल्या आगरासारखेच’ असा दाखला दिला आणि एक पुडी बरोबर घेतली.

त्यापुढे बुर्गोस गावच्या टेकडीवर केप बोहेआदोरचे दीपगृह आहे. विटांचा अष्टकोनी मनोरा, सुमारे २० मीटर उंच. पण मुळात टेकडीच उंच असल्याने त्याचा उजेड फार दूरवर जातो. ३० मार्च १८९२ रोजी तो प्रथम पेटला. चीनकडून मनिलाला येणाऱ्या गलबतांना लुझॉन बेटाची पहिली खूण हीच. १९९० च्या मोठ्या भूकंपात त्याच्या मूळ भिंगांना इजा झाली. दिवा मात्र अजून लागतो. खालच्या अंगणात उभे राहिले की तिन्ही बाजूंनी समुद्र दिसतो. आमच्या मुलाने बोट करून सांगितले की दोन वर्षांमागे एका रात्री त्यांची बोट याच टापूतून गेली, तेव्हा मानोंग पहाऱ्यावर होते. हा दिवा दिसताच त्यांनी टोपी काढली आणि तो मागे पडेपर्यंत ते कोणाशी बोलले नाहीत. मानोंगांनी ते ऐकले, पण काही न बोलता ते दीपगृहाची फरशी पाहत राहिले. आग्वादचे दीपगृह आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. घरच्या किनाऱ्याचा दिवा समुद्रावरून कसा दिसत असेल, हा विचार मात्र त्या दिवशी प्रथमच मनात आला.

दीपगृहाच्या पुढे किनाऱ्याला कापुरपुरावान नावाचा खडक आहे. ‘पुराव’ म्हणजे पांढरा. वाऱ्याने आणि लाटांनी चुनखडीचा तो कडा इतका घासला आहे की ताकावरच्या लोण्याच्या गोळ्यांसारखे त्याचे थर दिसतात. निळा समुद्र, पुढे काळे खडक आणि त्यांत हा पांढराशुभ्र उंचवटा, असा तो देखावा आहे. आता त्या खडकावर चढू देत नाहीत. ते योग्यच आहे.

बांगीच्या उपसागराशी आलो तेव्हा वाऱ्याने उभे राहू दिले नाही. डिसेंबरात ईशान्येचे वारे या किनाऱ्यावर सरळ आदळतात. तेथे वाळूच्या कडेने एका ओळीत २० पवनचक्क्या उभ्या आहेत. ७० मीटर उंचीचे खांब आणि ४१ मीटर लांबीची पाती. ओळीची लांबी जवळजवळ नऊ किलोमीटर. २००५ साली येथे वीज निघू लागली. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर आपण पवनचक्क्या पाहतो. पण येथे त्या पाण्याच्या काठाशी, लाटांच्या फेसाजवळ उभ्या आहेत. ज्या वाऱ्याने पूर्वी गलबते फुटत, त्याच वाऱ्यावर आता घरोघर दिवे लागतात.

शेवटचा टप्पा पागुदपुदचा. येथे किनारा अर्धचंद्रासारखा वळतो, वाळू पिठूळ आणि माडांची दाटी अगदी पाण्यापर्यंत. पलीकडे कॉर्डिलेराचे टोक समुद्रात उतरते आणि रस्त्याला जागाच उरत नाही. म्हणून डोंगराच्या कडेने, पाण्याच्या वर ३१ मीटर उंचीवरून, १.३ किलोमीटर लांबीचा पातापातचा पूल नेला आहे. तो १९८६ साली पुरा झाला. एका हाताला ओले हिरवे डोंगर, दुसऱ्या हाताला खाली फुटणाऱ्या लाटा. आमच्या गाडीतील सारी मंडळी तेथे आपोआप गप्प झाली.

मानोंगांच्या घरी आम्ही चार रात्री राहिलो. घर जुने आहे; खाली दगडी जोते, वर लाकडी मजला, आणि खिडक्यांना काचेऐवजी पातळ शिंपल्यांची तावदाने. आपल्याकडील जुन्या घरांत हीच तावदाने असतात, त्यामुळे सकाळचा तो दुधाळ उजेड आमच्या ओळखीचा होता. दारावर बांबूच्या काड्यांचे आणि कागदाचे चांदणीच्या आकाराचे कंदील टांगले होते; नाताळचे म्हणून, नाहीतर दिवाळीचेच वाटावेत. जेवणात वांगी, भेंडी आणि कारले यांची ‘पिनाकबेत’ नावाची मिसळभाजी रोज असे. तीत एरवी मासळीचे लोणचे घालतात. सौभाग्यवतींसाठी आपोंनी ते वगळून निराळे भांडे चढवले होते. शेवग्याच्या पाल्याला ते ‘मारुंगाय’ म्हणतात. हे नाव तमिळमधील ‘मुरुंगै’चे सख्खे भावंड. शिक्षकाला फिलिपिनो भाषेत ‘गुरो’ म्हणतात, हे कळल्यापासून आमचा मान त्या घरात विनाकारण वाढला. ‘दिओस ती आगङिना’, म्हणजे देव याची भरपाई करील, हा त्यांचा आभार मानण्याचा शब्द आम्ही पाठ केला.

मानोंगांची धाकटी बहीण प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. दोघे शिक्षक एकत्र बसले की गोष्ट शाळेवर येतेच. फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोलला छापले गेले, असे आम्ही सांगितले, तेव्हा इलोकानोतील पहिले पुस्तक १६२१ साली छापले गेले, असे त्यांनी सांगितले. अवघ्या पाच वर्षांचे अंतर. दोन्ही भाषांना छापखाना परक्या मिशनऱ्यांनी दाखवला, आणि दोन्ही भाषा पुढे त्यांच्या हातून निसटून लोकांच्या झाल्या. पण आज? २०१२ पासून त्या देशात पहिली तीन वर्षे मातृभाषेतून शिक्षण द्यावे असे धोरण आले. २०२४ च्या कायद्याने ते मागे घेण्यात आले. आम्ही विचारले, “आता इलोकानोचे कसे व्हायचे?” त्या म्हणाल्या, “पुस्तके कपाटात गेली. मुले मधल्या सुटीत मात्र इलोकानोतच भांडतात. जोवर भांडतात तोवर मला चिंता नाही.”

त्यांच्या या निर्धास्तपणाला एक मोठा आधार आहे. २० डिसेंबर १९०६ रोजी १५ इलोकानो मजूर उसाच्या मळ्यांवर काम करण्यासाठी हवाई बेटांत उतरले. त्यांच्यामागून हजारो गेले. परत येणाऱ्याला गावात ‘हवायानो’ म्हणत. आज हवाईत इलोकानो बोलणारी घरे असंख्य आहेत आणि तेथील विद्यापीठात ती भाषा शिकवली जाते. १९३४ साली मनिलात ‘बान्नावाग’, म्हणजे पहाट, नावाचे इलोकानो नियतकालिक निघू लागले. कथा, कविता, कादंबरीची प्रकरणे आणि घरगुती मजकूर यांनी भरलेले. ते हवाईच्या मळ्यांपर्यंत जाई आणि एक अंक अनेक घरे फिरे. आपोंच्या ट्रंकेत त्याचे जुने अंक दोरीने बांधून ठेवलेले आम्ही पाहिले. त्यांचे थोरले दीर हवाईत होते. अंक वाचून झाला की ते समासात चार ओळी लिहून परत पाठवीत. पत्राचे तिकीट वाचे, आणि अंकही घरी येई. इलोकानो काटकसरीचे इतके सुंदर उदाहरण आम्ही दुसरे पाहिले नाही.

ते अंक हातात घेतले तेव्हा आम्हांला आमच्या शाळेचा हजेरीपट आठवला. वीस वर्षांपूर्वी आमच्या एकेका वर्गात चाळीस मुले असत. आज दोन वर्ग मिळून तितकी होत नाहीत. गावच्या मराठी वाचनालयात नवी पुस्तके येतात, पण नोंदवहीत तीच दहा-बारा नावे फिरतात. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद येथील आमचे स्नेही पत्रांतून हेच लिहितात. आपण सभा घेतो, ठराव करतो, सरकारला निवेदने देतो. ती द्यावीतच. परंतु जुन्या गोव्याचा तो मनोरा आम्हांला वेगळेच काही सांगत आला आहे, आणि पाओआयला ते अधिक स्पष्ट कळले. जुन्या गोव्याची वास्तू धक्क्याने पडली नाही. तिच्यात जाणारे येणारे कोणी राहिले नाही म्हणून पडली. पाओआयला धक्क्यांची कमतरता नव्हती. वादळ ओसरले की शिडी लावून वर चढणाराही प्रत्येक पिढीत कोणी ना कोणी निघत गेला.

जे वाचक कधी तिकडे जातील, त्यांनी डिसेंबर ते मार्च हे महिने निवडावेत. जून ते नोव्हेंबर पावसाचे आणि वादळांचे दिवस. विगनचे जुने नगर वाटेवरच आहे, त्याला एक दिवस राखावा. पाओआयला सकाळी न जाता दिवस उतरता जावे. पश्चिमेचे ऊन त्या पोवळ्याच्या दगडावर पडले की भिंत मधासारखी दिसते. आणि ज्यांना इतक्या दूर जाणे जमणार नाही, त्यांनी या महिन्यात आपल्या गावच्या मराठी वाचनालयात जाऊन एक पुस्तक आपल्या नावावर घ्यावे, आणि सोबत घरातले एक मूल न्यावे.